बुजरी बाहेर येईल का

आत्याचे गुडघे हल्ली कुरकुर करतात, त्यामुळे बागेच्या फाटकापासून पिंजऱ्यांपर्यंत जायला आम्हाला चांगलाच वेळ लागला. थोडं चाललं की ती थांबायची, पदरानं मान पुसायची आणि वर मलाच म्हणायची, "चल की गं, लगेच काय दमतीस?" इथले प्राणी आता शहराबाहेरच्या मोठ्या जागेत नेणार आहेत असं तिनं कुठंतरी ऐकलं होतं. तेव्हापासून तिनं माझ्यामागं धोशा लावला होता, त्यांना न्यायच्या आधी एकदा जाऊन येऊ. काय बघायचं ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आम्हा दोघींना ते माहीत होतं.

आतल्या फाटकाशी पोचलो आणि तो वास आला. ओलं गवत, फिनेल, पेरूच्या साली, आणि या सगळ्यांच्या तळाशी जनावरांचा उबदार, जरासा आंबूस वास. शहराचं नाव बदललं, रस्ते रुंद झाले, भिंतींना नवे रंग लागले, पण या वासाला कुणी हात लावलेला नाही. मी तिथल्या तिथं दहा वर्षांची झाले. आत्या शेजारी उभी राहून नाक भरून श्वास घेत होती. तीही कुठंतरी मागं गेली होती, पण ती कुठं गेली ते तिला विचारून कोण हसं करून घेणार.

तेव्हा आमचं घर मिल कॉर्नरजवळच्या एका बोळात होतं. बस स्टँड आणि बाग, दोन्ही हाकेच्या अंतरावर. आमचा दिवस दोन आवाजांनी उजाडायचा. एक स्टँडवरच्या भोंग्याचा, नाकातून येणारा, पैठणची गाडी लागल्याचं सांगणारा. दुसरा सिंहाचा. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. खेड्यावरून मुक्कामी आलेले पाहुणे मात्र अंथरुणात ताडकन उठून बसत. मग आई स्टोव्हपुढून शांतपणे म्हणे, "काय नाय, सिंव्ह हाय. चहा घ्या." पाहुणे चहा घेत, पण एक डोळा दारावर ठेवून.

आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, वैजापूरकडचे. सारा जन्म मेंढरांमागं गेलेला. एका वर्षी त्यांनी मेंढरं विकली आणि एक काठी, एक घोंगडी आणि धाकटी लेक घेऊन ते बाबांकडं, म्हणजे त्यांच्या मुलाकडं, शहरात राहायला आले. धाकटी लेक म्हणजे ही आत्या. मेंढरं का विकली, ते आमच्या घरात कधी बोललं गेलं नाही. घोंगडीला मात्र लोकरीचा वास शेवटपर्यंत राहिला. पावसाळ्यात ती दमट झाली की सगळ्या घरात कळप शिरल्यासारखं वाटे, आणि आबांचा चेहरा त्या दिवसांत उजळलेला असे.

शहरात आबांना करायला काही नव्हतं. मग ते रोज दुपारी बागेत जायला लागले, आणि शाळा सुटली की मीही. लोक प्राणी बघायला येत, आबा ओळखी करून घ्यायला जात. मेंढरं सगळी सारखीच दिसतात असं एखादा माणूस म्हणाला, तर आबा त्याच्याशी पुढं बोलतच नसत. "मानसं सारखी दिसत्यात का तुला?" एवढं विचारून ते तोंड फिरवत. त्यांना कळपातल्या प्रत्येक मेंढीचा स्वभाव ठाऊक होता. कुणी रुसकी, कुणी पुढंपुढं करणारी, कुणी माणसाच्या पायाशी अंग घासल्याशिवाय पाणी न पिणारी. तीच नजर घेऊन ते पिंजऱ्यांपुढं उभे राहत.

आणि खरंच, काय एकेक असामी होती तिथं. एक सांबर होतं, त्याला जगात कुणी परकंच नव्हतं. शाळेची सहल येवो, बँडवाले येवोत, की बायकोशी भांडून आलेला एखादा एकटा इसम येवो, ते सगळ्यांकडं सारख्याच मायेनं मान लांबवी. बिबट्याच्या दोन बहिणी होत्या. एकाच आईच्या, एकाच पिंजऱ्यातल्या. एक येणाऱ्याजाणाऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत असं न्याहाळी, की माणूस नकळत शर्टाचं बटण चाचपी. दुसरीची आम्ही कित्येक महिने फक्त पाठ पाहिली. आबा म्हणत, "तिला मानसांचा कटाळा हाय. ऱ्हाऊ द्या, आसतो एखाद्याला."

अस्वलाचं तर वेगळंच. कुणाचं पोर रडायला लागलं, की ते लगबगीनं जाळीपाशी येई आणि मान तिरकी करून ऐकत बसे. हसऱ्या पोरांमध्ये त्याला काही रस नव्हता. बायका मग मुद्दाम आपल्या पोरांना चिमटे काढत, आणि बिचारी पोरं अस्वल बघायला आली म्हणून रडून घरी जात. नीलगाईला छत्री खपत नसे. आणि एक वानरीण होती, तिला मी खपत नसे. माझा मोठा भाऊ समोर आला की ती हात बाहेर काढून मागायची, लाडात यायची. मी दिसले की दात विचकून अंगावर धावायची. मी रडकुंडीला येई. आबांनी एकदा बराच वेळ विचार करून सांगितलं, "तुझ्या दोन वेण्या हालत्यात ना, तिला त्या शेपट्या वाटत आसतील. दोन शेपट्यांचं माकड म्हंजे जरा जास्तच झालं." मला ते पटलं. त्यात माझा अपमान आहे हे कळायला फार वर्षं जावी लागली.

थंडीत पिंजऱ्यांना गोणपाटाचे पडदे लागत. दुपारच्या उन्हात सगळा प्राणिवर्ग एका बाजूला सरकून बसे, आणि जाळीच्या अलीकडं आम्हीही. हिमायतबागेचे पेरू, तिखटमीठ, जिभेला येणारी ती झणझण. उन्हाळ्यात करीमचाचा रबरी नळीनं पाणी मारत. ते तिथले राखणदार, लुंगीला कायम ओल असलेले, सगळ्या जनावरांना ‘बेटा’ म्हणणारे. नळीचं पाणी आलं की एक तरस धारेखाली मुद्दाम पाठ देऊन उभं राही, आणि दुसरं असं पळे, की जणू चाचा त्याच्यावर आग ओतताहेत. चाचा दोघांनाही समजावून सांगत, "अरे बेटा, पानीच है, पानी." ओल्या सिमेंटचा वास सुटे, आणि आम्ही पोरं तुषार अंगावर घ्यायला जाळीला चिकटत असू. करीमचाचा मग आम्हालाही बेटा म्हणून हाकलत.

पण आबांचा जीव सगळ्यात जास्त अडकला तो लांडग्यांमध्ये. मेंढपाळाचा जीव लांडग्यात अडकावा, हे ऐकून गावाकडचे लोक कपाळाला हात लावत. पहिल्या दिवशी आबा त्या पिंजऱ्यापुढं नुसते काठी घट्ट धरून उभे होते म्हणे. नंतर त्यांनी दोघांना नावं दिली, म्हणजे सलोखा झाला. नर होता त्याचं नाव सरपंच. कुणीही आलं की हा जाळीपाशी येणार, सगळ्यांकडं एकेकदा बघणार, एक फेरी मारणार आणि बसणार. मादीचं नाव बुजरी. मागच्या बाजूला सिमेंटचं एक भुयार होतं, त्यात तिचा मुक्काम. आपण नीट बघितलं तर अंधारात दोन कान दिसत. ती बाहेर यायची फक्त मोजक्या माणसांसाठी. आबा घोंगडी पांघरून बसले की यायची, हलक्या पावलानं, पोट जमिनीलगत ठेवून. मेंढरांच्या वासानं येत असेल असं बाबा म्हणत. आबांना ते अजिबात आवडत नसे. "म्या मानूस म्हनून येती ती," असं ते ठणकावून सांगत.

आता आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. लग्नासाठी मुलगा बघायला आला की त्याला आधी मेंढरांत न्यायचं. दोरीच्या जाळीत मेंढरं कोंडलेली असत, तिथं त्याला संध्याकाळी नुसतं बसवायचं. काही विचारायचं नाही, सांगायचं नाही. मेंढरं कशी वागतात, कुत्रा काय करतो, ते बघायचं. आबांना त्यांच्या सासऱ्यानं असंच बसवलं होतं. कुत्रा येऊन त्यांच्या पायावर हनुवटी टेकून झोपला आणि आजीचं लग्न ठरलं. आता शहरात ना मेंढरं, ना कुत्रा. आणि आत्या लग्नाला आलेली. ती तेव्हा एका बालवाडीत शिकवायची, खळखळून हसायची, दिवसभर बोलायची. आबांनी खूप विचार केला आणि एक दिवस जाहीर केलं, की मुलगा बुजरीपुढं उभा करायचा.

आई म्हणाली, "मामंजी, लांडग्यापुढं?"

"मेंढराला पाला दावता येतो, कुत्र्याला भाकर टाकता येती," आबा म्हणाले. "लांडग्याला काय दावशील? आन् सरपंचाचं सोड, तो समद्यांनाच भेटतो. बुजरी ज्याच्यासाठी भाईर आली, तो मानूस चांगला."

करीमचाचांनी हे ऐकलं तेव्हा त्यांनी नळी बंद केली. "आबा, जनावर है वो. पंचायत का पंच नै." पण आबांपुढं कुणाचं चालत नसे, आणि खरं तर या गमतीत चाचांनाही रस वाटायला लागला होता.

आत्या यावर काही बोलली नाही. आमच्या घरात मुलींना तोंड नव्हतं असं अजिबात नाही. आत्याचं तोंड तर झोपेतही चाले. पण या एका गोष्टीत मुलीनं बोलायचं नसतं, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. तिनंही.

मग श्रावण आला. नागपंचमीच्या आधी कासारीण घरी येऊन बसली, तिची ती पेटी, काचेची ती हिरवी, मोरपंखी झळाळी, हात दाबून बांगडी चढवताना आत्याचं "आई आई" आणि कासारणीचं "झालं झालं". एरवी आत्याच्या हातात दोन साध्या बांगड्या असत. त्या दिवशी दोन्ही हात कोपरापर्यंत भरले. ती तशीच मला घेऊन बागेत आली. आबा आमच्या आधी पोचले होते आणि बुजरी त्यांच्यासमोर बाहेर येऊन बसली होती. आत्यानं पदर सावरायला हात उचलला. बांगड्या किणकिणल्या आणि बुजरी दिसेनाशी झाली. आबांना कमी ऐकू यायचं. ते म्हणाले, "वारा फिरला वाटतं." आत्या थांबली. थोड्या वेळानं बुजरीचे कान भुयाराच्या तोंडाशी आले. आत्यानं हळूच मनगट हलवलं. कान आत गेले. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. आणि तिला जे हसू फुटलं, ते दाबता दाबता ती जवळच्या बाकावर बसली. मी घरी काही सांगितलं नाही. त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

पहिला मुलगा आला तो वैजापूरचा, कांद्याचा व्यापार असलेला. नवी करकर वाजणारी चप्पल, कानात अत्तराचा फाया. त्यानं घरी आल्या आल्या आत्याचं शिक्षण विचारलं आणि उत्तर यायच्या आत आपल्या गोदामाचं सांगायला लागला. आबा आणि तो पुढं, आई, आत्या आणि मी मागं, अशी मिरवणूक बागेत निघाली. आत्यानं त्या दिवशी डझनभर बांगड्या भरल्या होत्या. पिंजऱ्याशी गेल्यावर तिनं केस सारखे केले, पदर सारखा केला, परत केस सारखे केले. सरपंच आला, भेटला, बसला. बुजरीचा कानसुद्धा दिसला नाही. "कळवतो," आबा म्हणाले. दुसरा मुलगा सरकारी नोकरीतला होता. लग्नानंतर बालवाडी सोडावी लागेल, एवढं एकच वाक्य तो आत्याकडं बघून बोलला. त्या दिवशीही आत्याचे केस फार विस्कटत होते.

दिवस जायला लागले तसे बाबा चिडायला लागले. कांदेवाला अजून थांबलेला होता, त्याचा निरोपावर निरोप येत होता. आता एक स्थळ बघू, ते जमलं नाही तर वैजापूरला होकार कळवायचा, असं बाबांनी सांगून टाकलं. आबांनाही ते मान्य करावं लागलं.

आणि ते एक स्थळ नेमकं आत्याच्या मनात भरलेल्या भानुदासचं निघालं. हे मला कळलं ते भाकरीच्या वासात. आई थापत होती, आत्या तव्यापुढं होती, मी पाटावर अभ्यासाचं सोंग करत होते. आत्या हलक्या आवाजात सांगत होती. वैजापूरला नात्यातल्या एका लग्नात सगळे जेवायला बसले होते. नवरदेवाचा घोडा उन्हात तसाच उभा होता, झूल आणि घुंगरांसकट. कुणाचं लक्ष नव्हतं. हा एक मुलगा पंगतीतून उठला, घोड्याच्या अंगावरचं ओझं उतरवलं, त्याला लिंबाच्या सावलीत नेऊन बांधला, बादली आणून दिली आणि परत येऊन गार झालेला भात खायला बसला. "बास, येवढंच बघितलं," आत्या म्हणाली. आईनं विचारलं, "मग?" आत्या म्हणाली, "मग काय. भाकर करपती बघा."

तो वाळूजच्या एका कारखान्यात लेथवर काम करायचा आणि बजाजनगरला खोली घेऊन राहायचा. थंडीतल्या एका रविवारी तो आला, सोबत पांढरा फेटा बांधलेले त्याचे चुलते. नखांतलं तेल निघावं म्हणून त्यानं बोटं लाल होईपर्यंत घासलेली होती. बागेत शिरताना आत्या मागं राहिली. मी वळून बघितलं तर ती झाडाआड उभी राहून हातातल्या बांगड्या काढत होती. दोन नेहमीच्या, तेवढ्याही. तिनं त्या पदराच्या टोकात बांधल्या आणि गाठ कमरेला खोचली. आईनं तिचे मोकळे हात बघितले आणि तिचा चेहराच उतरला. "अगं बाई, हे काय? आसे हात घेऊन पाव्हण्यांपुढं?" मुलीचे हात मोकळे असणं म्हणजे केवढा अपशकुन, हे मलाही ठाऊक होतं. आत्या म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वैनी. आजच्या दिस ऱ्हाऊ द्या."

भानुदास फारसं बोलत नव्हता. सांबरापुढं तो नुसता उभा राहिला आणि सांबर त्याच्याकडं मान लांबवून उभं राहिलं, पण सांबराचं काय, ते सगळ्यांचंच. वानरिणीनं मला बघितलं आणि नेहमीसारखी धावून आली. भानुदासनं एकदा तिच्याकडं, एकदा माझ्या वेण्यांकडं बघितलं आणि काही न बोलता तो माझ्या आणि तिच्या मधून चालायला लागला. मी त्याला तिथंच पास करून टाकलं. पण माझ्या मताला विचारतो कोण.

लांडग्यांच्या पिंजऱ्यापुढं सगळे थांबले. करीमचाचाही काम सोडून जरा लांब उभे राहिले. सरपंच आला, भेटला, फेरी मारून बसला. भुयार अंधारं होतं. आम्ही वाट बघितली. कुणी हललं नाही, बोललं नाही, बांगडी वाजली नाही. ऊन पिंजऱ्याच्या एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर सरकलं. आत्या पुतळ्यासारखी उभी होती, तिचे मोकळे हात दोन्ही बाजूंना. बुजरी आली नाही. कान दिसले, ते तसेच आत गेले. का, ते मला आजही माहीत नाही. चाचा पुटपुटले, "आज उसका जी नै." आबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. आता ते ‘कळवतो’ म्हणणार, हे आम्हाला सगळ्यांना कळलं. आईनं माझा खांदा घट्ट धरला.

तेवढ्यात चुलत्यांचं लक्ष गेलं. "पोरीचे हात मोकळे कामून हायत?"

आबांनीही वळून बघितलं. त्यांचा चेहरा असा कडक झाला, की मला पळून जावंसं वाटलं. आणि मग आत्या बोलली.

"म्या काढल्या, आबा. ती बांगड्यांना बुजती." ती एका दमात बोलत सुटली. "मागल्या दोघांच्या वक्ताला म्या वाजवल्या, म्हनून ती आत गेली. आज भाईर यावी म्हनून काढल्या. आता नाय आली तर नाय आली. मला हे पसंत हायत."

बागेत दुसरीकडं कुणी शेंगदाणेवाला ओरडत होता, एवढं मला आठवतं. सगळ्यात आधी भानुदासला हसू आलं. मोठं नाही, मान खाली घालून, स्वतःशीच, घासलेल्या लाल बोटांकडं बघत. आबा आत्याकडं बघत राहिले, मग भुयाराकडं, मग परत आत्याकडं. त्यांच्या मनात मागचा सगळा हिशेब उलगडत असावा, कांदेवाला, सरकारी नोकरीवाला, सारखे विस्कटणारे केस. त्यांच्या मिशा थरथरल्या. आम्हाला वाटलं आता कडाडतील. आणि आबा हसायला लागले. असे हसले, की घोंगडी खांद्यावरून घसरून खाली पडली आणि ती उचलायला वाकले तर वर येता येईना.

"इतके दिस," ते डोळे पुसत म्हणाले, "इतके दिस म्या त्या बुजरीलाच शहाणी समजत व्हतो."

चुलते मात्र अजून गोंधळलेले होते. "म्हंजे आमच्या पोराची परीक्षा लांडगा घेनार व्हता व्हय?"

"व्हय," आबा म्हणाले.

चुलत्यांनी फेटा जरा मागं सारला आणि गंभीरपणे विचार केला. "आमच्यात बोकडापुढं उभं करत्यात," ते म्हणाले. "म्या दोनदा नापास झालो." मग दोघं म्हातारे एकमेकांना धरून जे हसत सुटले, ते बागेच्या फाटकापर्यंत. करीमचाचांनी नळी सुरू केली आणि कारण नसताना सगळीकडं पाणी मारलं. फाटकाशी आबा थांबले आणि मागं वळून त्यांनी आत्याला विचारलं, "काय खाशील?" तिला असं कधी कुणी विचारलं नव्हतं. आमच्याकडं थोरल्यांनी आणलं ते सगळ्यांनी खायचं, अशीच पद्धत होती. आत्यानं चांगला वेळ घेतला आणि उसाचा रस मागितला. भर थंडीत. सगळे कुडकुडत रस प्यायलो.

त्या वर्षीची थंडी माझ्या मनात अजून तशीच आहे, आल्याच्या चवीची, हिरव्या काचेच्या रंगाची. लग्नाच्या बांगड्या भरताना आत्या किती हसत होती, आणि आबा रोज बुजरीला जाऊन काय काय सांगत होते. नंतर आबा गेले, मग सरपंच, मग बुजरीही. आम्ही तो बोळ सोडला.

आता त्या जागेवर दुसरे लांडगे आहेत. भुयार बुजवून त्यांनी दगडांची टेकडी केली आहे. भानुदासमामा आमच्या मागून सावकाश येत होते. (आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडं मामाच म्हणतात.) ते वाटेत सगळ्यांपुढं थांबत, नावं विचारत येतात, त्यामुळे त्यांना उशीर होतो. आत्या बाकावर टेकली आणि गुडघे चोळत त्या टेकडीकडं बघत राहिली. इतकी वर्षं मनात असलेली एक गोष्ट मी तिला अखेर विचारली. त्या दिवशी बुजरी बाहेर आली असती, तर केवढं सोपं झालं असतं नाही?

मामा कुठवर आलेत ते आत्यानं मान वळवून बघितलं.

"बरं झालं नाय आली," ती म्हणाली. "आली आसती, तर लगीन ह्यांच्यासंगंच झालं आसतं. पन बुजरीनं पसंत केलं म्हनून झालं आसतं. म्या खाली मान घालून हळद लावून घेतली आसती, आन् माझं बोलायचं ऱ्हाऊन गेलं आसतं. ते एकदा ऱ्हायलं ना बाई, की ऱ्हातंच."